वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट : मात्स स्टेनच्या आठवणीने, बोटांपुरतीच ताकद उरलेल्या खेळाडूसाठी

नॉर्वेतल्या ओस्लोचा मात्स स्टेन १८ नोव्हेंबर २०१४ रोजी गेला, तेव्हा तो २५ वर्षांचा होता. त्याला ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करत नेणारा आजार. आपल्याकडचे पालक नुसतं डीएमडी म्हणतात. आयुष्याच्या शेवटच्या दहाएक वर्षांतले हजारो तास त्याने ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात घालवले. पोरगा एकटा पडलाय, ना मित्र ना प्रेम, हीच खंत आईवडिलांच्या मनात होती. तो गेल्यावर वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर ती बातमी लिहिली आणि खाली आपला ईमेल दिला. मग पत्रं यायला लागली, एका देशातून नव्हे, युरोपभरातून. अंत्यविधीला परदेशातून जी माणसं आली, त्यांच्यासाठी तो इबेलिन रेडमूर होता: खेळातल्या स्टॉर्मविंड शहरातला धिप्पाड खाजगी गुप्तहेर, बायकांशी गोड बोलणारा, कुणी रडत बसलं की शेजारी येऊन टेकणारा.

ही हकिकत जगभर पोचली आहे. ती ऐकून डीएमडीच्या मुलाला हा खेळ घेऊन द्यावा का, असं आता आपल्याकडचे पालकही विचारतात. हे परीक्षण त्यांच्यासाठी आणि खुद्द त्या मुलांसाठी. ग्राफिक्स कसे, राक्षस किती, याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. इथे एकच कसोटी लावली आहे: मात्सला या खेळाने जे दिलं, ते आज हाताची ताकद कमी होत चाललेल्या मुलाला मिळेल का, आणि त्यासाठी घरात नेमकं काय करावं लागेल? थोडक्यात उत्तर असं की मिळेल. पण खेळ बनवणाऱ्या कंपनीने सगळी मेहनत लढाई सोपी करण्यावर घेतली आहे, आणि मात्सचं आयुष्य जिथे घडलं त्या गप्पांच्या बाजूला अजून सगळं आपल्यालाच जुळवावं लागतं.

आधी हाताबद्दल, कारण इथे गफलत झाली की पैसे वाया जातात. डीएमडीत धडाजवळचे मोठे स्नायू आधी जातात. कंबर आणि मांड्या, मग खांदे, मग कोपर. बोटं सगळ्यात शेवटी. म्हणून वीस-बावीस वर्षांच्या मुलाला हात टेबलावरून चार इंच पुढे सरकवता येत नाही, पण त्याच बोटांची टोकं बारीक, अचूक हालचाल करतात. ताकद कमी, पल्ला कमी, नियंत्रण मात्र चांगलं. मात्सचंही अखेरीला तसंच होतं. हलत होती ती बोटं. बाजारात ‘दिव्यांगांसाठी’ म्हणून मिळणारी बरीचशी साधनं याच्या नेमकी उलट गरज धरून बनवलेली असतात: ज्याच्या हातात जोर आहे पण नेम नाही, त्याच्यासाठी. मोठी बटणं, जाड दांडे. मायक्रोसॉफ्टचा २०१८ साली आलेला एक्सबॉक्स अ‍ॅडाप्टिव्ह कंट्रोलर उत्तम वस्तू आहे, पण त्यावरची दोन मोठी काळी बटणं डीएमडीच्या हाताला फारशी कामाची नाहीत. त्याची खरी किंमत त्याला असलेल्या १९ खोबणींत आहे, साध्या साडेतीन मिलिमीटरच्या, जुन्या हेडफोनच्या पिनेसारख्या. तिथे हलके मायक्रोस्विच लावायचे आणि एकेक स्विच बोटाच्या खाली, बोट जिथे आपोआप टेकतं तिथेच, वेल्क्रोने चिकटवायचा. स्विच घेताना तो दाबायला किती ग्रॅम जोर लागतो हे विचारा. हे सांगता न येणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका.

कीबोर्डलाही तोच हिशोब. साध्या रबरी पडद्याच्या कीबोर्डला एक कळ दाबायला ५५ ते ६० ग्रॅम लागतात. मेकॅनिकल कीबोर्डमधले लाल स्विच ४५ ग्रॅमचे असतात, ३५ ग्रॅमचेही मिळतात. संध्याकाळभर हजारेक कळा दाबायच्या असतील तर हा फरक मनगटाला कळतो. पूर्ण आकाराचा कीबोर्ड ४४ सेंटिमीटर लांब असतो आणि त्याच्या निम्म्या भागापर्यंतही हात पोचत नाही. छोटा, अंकांची पट्टी नसलेला घ्या. रिमोटसारखे हातात मावणारे ब्लूटूथ कीबोर्ड बघायला सोयीचे वाटतात, पण त्यांच्या रबरी कळा अनेकदा मोठ्या कीबोर्डपेक्षाही कडक असतात. दुकानात स्वतः मुलाने दाबून बघितल्याशिवाय घेऊ नये. शिफ्ट धरून अक्षर दाबणं हे दोन बोटांचं काम विंडोजमधल्या स्टिकी कीज एका बोटावर आणतात: आधी शिफ्ट दाबून सोडायची, मग अक्षर.

माउस हा सगळ्यात आधी साथ सोडतो, कारण तो हलवायला खांदा आणि कोपर लागतं. पहिला उपाय फुकट आहे: पॉइंटरचा वेग इतका वाढवा की दोन सेंटिमीटर हालचालीत बाण पडद्याच्या या टोकावरून त्या टोकाला जाईल. त्यानंतर ट्रॅकबॉल. अंगठ्याने फिरवायचा गोळा स्वस्त आणि सहज मिळणारा, पण डीएमडीत मनगट हळूहळू करंगळीच्या बाजूला कलतं आणि अंगठा गोळ्यावरून निसटतो. तेव्हा मधल्या बोटांनी फिरवायचा गोळा बरा. त्याहीपुढे लॅपटॉपसारखा टचपॅड. तो स्पर्श ओळखतो, जोर नाही, त्यामुळे नुसतं बोट टेकलं तरी क्लिक होते. विजेच्या काही खुर्च्यांचा जॉयस्टिक ब्लूटूथने संगणकाचा माउसही होतो. खुर्ची नवी घेणार असाल तर ही सोय आहे का, हे विचारून घ्या, नंतर बसवायला महाग पडते.

साधन कुठे ठेवायचं हे साधनाइतकंच महत्त्वाचं. टेबलावर ठेवलं तर खुर्चीचा जॉयस्टिक टेबलाला अडतो आणि मुलगा नेहमीच एक वीत लांब राहतो. ट्रे खुर्चीलाच लावा, कोपराच्या उंचीवर, आणि ट्रेच्या कडेला फोम गुंडाळा, नाहीतर कोपराच्या आतल्या बाजूची नस दबून करंगळीला मुंग्या येतात. दुसरी अडचण खुर्ची मागे कलवल्यावर येते. बैठकीवरचा दाब कमी करायला दर थोड्या वेळाने खुर्ची कलवावीच लागते. पण ती कलली की हात अंगाकडे घसरतो, ट्रॅकबॉल मांडीवर येतो आणि पडदा नजरेच्या खाली जातो. ट्रेवर न घसरणारी जाळीदार चटई, तिच्यावर वेल्क्रोने बसवलेला ट्रॅकबॉल आणि हलत्या दांड्यावर टांगलेला मॉनिटर, एवढ्याने हे सुटतं. मॉनिटर हलला नाही तर मुलगा कलायचं टाळतो आणि मग बैठकीला जखम होते. आणखी एक, घरोघरी दुर्लक्षित होणारी गोष्ट: गार हात. डीएमडीत हात-पाय थंड पडतात आणि थंड बोटांची ताकद लक्षणीय घटते. खेळायला बसण्याआधी दहा मिनिटं कोमट पाण्यात हात बुडवून पुसले, किंवा बोटं उघडी ठेवणारे लोकरी हातमोजे घातले, तर तोच मुलगा त्याच कीबोर्डवर जास्त वेळ टिकतो. एसीचा झोत हातावर येत असेल तर आधी तो वळवा.

आता खेळ. इथे कंपनीने गेल्या काही वर्षांत मनापासून काम केलंय आणि त्याची दाद द्यायला हवी. मात्स खेळत होता तेव्हा यातल्या काही सोयी नव्हत्या. ऑप्शन्समध्ये कंट्रोल्सखाली ‘क्लिक टू मूव्ह’ सुरू केलं की जमिनीवर उजवी क्लिक केली तिकडे पात्र चालत जातं. चालवण्यासाठी कळ धरून ठेवावी लागत नाही. सोबत कॅमेरा आपोआप पात्राच्या मागे राहील अशी निवड करा, म्हणजे उजवं बटण दाबून ओढायची गरज जवळपास संपते. लांब पल्ल्यासाठी ऑटोरन, जे मुळात नम लॉकवर असतं. ते जवळच्या कळेवर आणा. २०२२ साली इंटरॅक्ट की आली: समोरच्या माणसाशी बोलायला किंवा वस्तू उचलायला तिच्यावर बाण नेमका नेऊन टेकवावा लागत नाही, एक कळ पुरते. कळ दाबून धरली की तीच क्रिया पुन्हा पुन्हा होत राहील अशीही सोय आहे. ज्याला एक कळ धरून ठेवणं जमतं पण सारखं टकटक करणं जमत नाही, त्याने ती घ्यावी. आणि जून २०२५ मध्ये लढाईसाठी एक-बटण मदतनीस आला. तो पुढचा योग्य वार स्वतः निवडतो, आपण एकच बटण दाबत राहायचं. बदल्यात प्रत्येक वाराला किंचित उशीर लागतो. सगळ्यात अवघड सामूहिक मोहिमा त्यावर जिंकता येणार नाहीत, पण रोजच्या मोहिमांत मागे पडायला होत नाही.

लढाईत एक दाब म्हणजे एकच क्रिया, हा नियम पक्का आहे. एका दाबात क्रियांची रांग लावून देणारं बाहेरचं सॉफ्टवेअर किंवा तशी ‘हुशार’ कीबोर्डची सोय वापरली तर खातं बंद होतं. हात कमजोर आहे हे कारण सांगून सुटका होईल या भरवशावर राहू नका. खेळात दिलेली मॅक्रोची, म्हणजे आधी लिहून ठेवलेला आदेश एका कळेवर आणण्याची, सोय मात्र पूर्ण वैध आहे, ती पुढे येतेच.

उडण्याबद्दल: नवी स्कायरायडिंग पद्धत वेगवान आणि देखणी आहे, पण तिला एकामागून एक कळा लागतात. २०२४ पासून जुनं संथ उडणं निवडता येतं, तेच निवडा. त्याहून चांगला मार्ग मित्राचा. फॉलो हा आदेश चॅटमध्ये स्लॅशच्या खुणेपुढे टाइप केला की आपलं पात्र निवडलेल्या मित्राच्या मागे चालू लागतं, आणि दोन आसनांच्या वाहनांवर तो आपल्याला बसवून नेऊ शकतो. मित्र चालवतोय, आपण लिहितोय. हात वाचवायची यासारखी युक्ती नाही.

गेमपॅड चालतो, पण खेळ तो अर्ध्या मनाने चालवतो. आधी चॅटमध्ये एक आदेश टाइप करून तो सुरू करावा लागतो आणि कन्सोलपोर्ट नावाचं, खेळाला वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर म्हणजे अ‍ॅड-ऑन नसेल तर बटणांची मांडणी डोकेदुखी होते. एक्सबॉक्स अ‍ॅडाप्टिव्ह कंट्रोलरला जोडलेले मायक्रोस्विच याच वाटेने खेळात पोचतात, म्हणून हे अ‍ॅड-ऑन घालायला घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या जाणत्या मुलाला हाताशी धरा.

पण मात्स गुप्तहेर इबेलिन झाला तो लढून नव्हे. त्याचं स्टारलाइट हे मंडळ, म्हणजे गिल्ड, आर्जंट डॉन या युरोपातल्या रोलप्ले सर्व्हरवर होतं. तीसेक माणसांचं. तिथे पात्र घेऊन चौकात उभं राहायचं, खाणावळीत बसायचं आणि जे काही घडायचं ते सगळं लिहायचं: कोण हसलं, कुणी खुर्ची ओढली, कोण दाराशी थबकलं. म्हणजे इथे ताकद लागते ती टायपिंगची. एका नेदरलँड्समधल्या मैत्रिणीचा संगणक घरच्यांनी अभ्यासासाठी काढून घेतला, तेव्हा मात्सने तिच्या आईवडिलांना पत्र लिहून तिची बाजू मांडली. डेन्मार्कमधली एक आई आणि तिचा ऑटिझम असलेला मुलगा एकमेकांपासून तुटले होते. दोघांनी खेळात भेटावं असं त्याने सुचवलं, आणि ते पुन्हा बोलू लागले. दोन्ही वेळा त्याच्याकडे होती ती शब्दांचीच ताकद. परीक्षणात हेच वजनदार आहे: ज्या गोष्टींसाठी माणसं त्याच्या अंत्यविधीला आली, त्यातल्या एकीलाही कळा पटापट दाबायची गरज नव्हती.

आणि नेमकं इथेच खेळ आपल्याला वाऱ्यावर सोडतो. चॅटची एक ओळ २५५ अक्षरांची. शब्द सुचवणारी सोय नाही. चौकडीतली माणसं भराभर लिहितात, एका बोटाने लिहिणाऱ्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. यावर तीन गोष्टी करून ठेवा.

पहिली, मॅक्रो. खात्यावर १२० सामायिक मॅक्रो साठवता येतात. त्यांत आपल्या पात्राच्या सवयी आधीच लिहून ठेवायच्या: नमस्कार, हसणं, टोपी सरळ करणं, खिडकीबाहेर बघणं. यातला सगळ्यात उपयोगी मॅक्रो म्हणजे वेळ मागणारा. ‘उत्तर देण्याआधी तो पेला फिरवत विचारात पडतो’, अशा अर्थाची एक ओळ एका कळेवर ठेवली की समोरच्यांना कळतं, हा काहीतरी सांगणार आहे. कथाही तुटत नाही आणि दोन-तीन मिनिटं मिळतात. असे चार-पाच वेगवेगळे हवेत, नाहीतर तेच वाक्य पुन्हा दिसून खटकतं.

दुसरी, खेळाच्या बाहेर लिहिणं. खेळ विंडोड फुलस्क्रीनमध्ये ठेवा, म्हणजे तो बंद न करता दुसऱ्या खिडकीत जाता येतं; शेजारी नोटपॅड किंवा शब्द सुचवणारा कुठलाही एडिटर, तिथे लिहून चॅटमध्ये पेस्ट. विंडोजचा पडद्यावरचा कीबोर्ड विंडोज, कंट्रोल आणि ओ या कळांनी उघडतो, त्यात शब्द सुचवायची सोय सुरू करता येते आणि ट्रॅकबॉलने त्यावर लिहिता येतं. बोलून लिहायचं असेल तर विंडोज आणि एच. ही सोय वापरताना मास्क महत्त्वाचा: दिवसाही बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र) लागत असेल तर तोंड झाकणाऱ्या मास्कमधून आवाज घुमतो आणि शब्द चुकतात, नाकावरचा छोटा मास्क असेल तर बऱ्यापैकी जमतं, पडद्याचा खालचा भागही दिसतो. मास्क बदलायचा तो डॉक्टरांना विचारूनच. लांब मजकूर २५५ च्या तुकड्यांत आपोआप तोडणारी अ‍ॅड-ऑनं मिळतात, त्यातलं एक घाला.

तिसरी, टोटल आरपी ३ हे अ‍ॅड-ऑन. रोलप्ले करणारे बहुतेक सगळे ते वापरतात. त्यात पात्राचं वर्णन असतं आणि खेळाबाहेरच्या सूचनेसाठी एक रकानाही असतो. ‘मी हळू टाइप करतो, उत्तराला वेळ लागेल’ एवढंच तिथे लिहिलं तर पुरतं. आजाराचं नाव घ्यायची गरज नाही. मात्सने बरीच वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि खुर्चीच्या आधी माणूस दिसावा ही त्याची इच्छा समजण्यासारखी आहे. आपल्या मुलालाही तो हक्क आहे. आईवडिलांनी त्याच्या वतीने मंडळाला सांगायला जाऊ नये.

आपल्याकडच्या मुलांसाठी एक मोठी अडचण भाषेची. खेळाच्या फाँटमध्ये देवनागरी नाही आणि आर्जंट डॉनवर सगळा व्यवहार इंग्रजीत. मराठी माध्यमातल्या मुलाला पहिले काही महिने जड जातील. पण मात्सची आणि त्याच्या मंडळातल्या अनेकांचीही मातृभाषा इंग्रजी नव्हती. व्याकरणाच्या चुका चालतात. सुरुवातीला संध्याकाळी चौकात उभं राहून नुसतं वाचत राहावं, तोही प्रवेशाचा चांगला मार्ग आहे. चॅटलॉग हा आदेश दिला की समोर आलेला सगळा मजकूर खेळाच्या लॉग्ज फोल्डरमध्ये साठत जातो. दुसऱ्या दिवशी सावकाश वाचता येतो, अडलेले शब्द बघता येतात. स्टारलाइटच्या लोकांनी आपल्या गप्पांची नोंद जपून ठेवली होती, म्हणून इबेलिन कसा होता हे आज बाहेरच्यांनाही कळतं. हा आदेश पहिल्या दिवसापासून द्यावा, आणि प्रत्येक वेळी खेळ उघडल्यावर पुन्हा द्यावा, कारण तो आपोआप सुरू राहत नाही.

वेळ. युरोपातली मंडळं त्यांच्या संध्याकाळी जमतात. त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. मात्सच्या घरीही हीच ओढाताण होती, आणि ती तर त्यांच्याच देशाच्या वेळेत: रात्रपाळीची मदतनीस दहाला येई, मग त्याला लवकर अंथरुणात जावं लागे, आणि मंडळ तेव्हा कुठे रंगात आलेलं असे. त्या तासांना किती मोल होतं ते घरच्यांना नंतर कळलं. तेव्हा ‘झोप आता’ म्हणण्याआधी आठवड्यातले कुठले दोन दिवस त्याच्यासाठी महत्त्वाचे आहेत हे विचारा आणि त्या दिवशी उचलून झोपवणाऱ्याची वेळ पुढे ढकला. बायपॅप मात्र चुकवायचा नाही. बसल्या बसल्या नाकावरच्या मास्कने तो लावता येतो, आणि दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत झोपलं तरी यंत्राचे तास भरले पाहिजेत. सकाळी डोकं दुखणं, दिवसा पेंग येणं, लक्ष न लागणं याचं खापर घरचे सरसकट खेळावर फोडतात. डीएमडीत झोपेत श्वास उथळ होऊन कार्बन डायऑक्साइड साठल्यानेही हेच होतं. ही लक्षणं दिसली तर खेळ बंद करण्याआधी झोपेतला श्वास तपासून घ्या.

वीज हा आपल्याकडचा स्वतंत्र विषय. संगणक आणि मॉनिटर मिळून खेळताना ३०० वॉटच्या आसपास ओढतात. गरम पाण्याचं भांडं न लावलेला बायपॅप साधारण ४० वॉट. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते, प्रत्यक्षात हजार-बाराशे धरा. दोन्ही एकाच इन्व्हर्टरवर असतील तर तीन-साडेतीन तासांत बॅटरी संपते आणि रात्री बायपॅप बंद पडतो. नुसता बायपॅप त्याच बॅटरीवर रात्रभर चालून उरतो. म्हणून संगणकाला वेगळा छोटा यूपीएस, तोही फक्त नीट बंद करण्यापुरता. इन्व्हर्टरची लाइन बायपॅप आणि खाटेची मोटर यांच्यासाठी राखून ठेवा आणि त्या प्लगवर लाल चिकटपट्टी लावा.

खर्च. युरोपात वर्गणी महिन्याला १२.९९ युरो, युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर तेराशे. नवे भाग वेगळे घ्यावे लागतात, पण रोलप्लेसाठी नव्यातला नवा भाग लगेच लागत नाही. खातं उघडतानाच युरोप विभाग निवडा, एका विभागाची वर्गणी दुसऱ्यात चालत नाही. शंभर जीबीहून जास्त मोकळी जागा आणि एसएसडी हवी. ग्राफिक्स कार्ड भारीतलं नको. विसाव्या पातळीपर्यंत खेळ फुकट आहे, आणि हात चालतो का, कळा कुठे हव्यात, हे तपासायला तो उत्तम. पण फुकट खात्याला मंडळात जाता येत नाही आणि बोलण्यावरही बंधनं असतात, म्हणजे ज्यासाठी हे सगळं करायचं ते त्यात दिसतच नाही. त्यावरून ‘याला आवडलं नाही’ असा निष्कर्ष काढू नका. निदान तीन महिन्यांची वर्गणी भरा. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने मात्सच्या स्मरणार्थ रेव्हन नावाचं कोल्ह्याचं पिल्लू विक्रीला ठेवलं होतं आणि ते पैसे ड्यूशेनवर काम करणाऱ्या क्युअरड्यूशेन संस्थेला दिले. चांगलं केलं. त्याच आपुलकीने चॅटच्या चौकटीत शब्द सुचवायची सोय दिली तर रोज रात्री हजारो बोटांचे कष्ट वाचतील.

पालकांना एक काम, तेही मुलाशी बोलून, तो बरा असताना. मात्सच्या वडिलांकडे ब्लॉगचा पासवर्ड होता म्हणून बातमी पोचली. नसता तर इबेलिन एके दिवशी यायचा थांबला एवढंच त्या तीस जणांना कळलं असतं. रोलप्लेमध्ये पात्र गायब होणं रोजचं आहे, त्यावरून कुणी काही समजत नाही. मुलाचं खातं वापरायची गरज नाही आणि नियमात बसतही नाही. एका कागदावर मंडळाचं नाव, सर्व्हर, त्याच्या पात्राचं नाव आणि एका जवळच्या मित्राचा ईमेल किंवा डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवरचं नाव, एवढं पुरे. हा कागद फक्त शेवटासाठी नाही. मुलगा न्यूमोनियाने पंधरा दिवस रुग्णालयात असला तरी त्याच मित्राला एक ओळ टाकायची. मंडळ वाट बघत असतं.

बोटंही थकली तर काय, हा प्रश्न मुलं स्वतः विचारतात. नजरेवर चालणारा ट्रॅकर आणि ऑप्टिकी हे मोफत सॉफ्टवेअर मिळून डोळ्यांनी टायपिंग होतं. त्याने पात्र पळवणं कष्टाचं, लिहिणं जमण्यासारखं. बरीच मंडळं आपल्या कथा डिस्कॉर्डवरही लिहून पुढे नेतात, तिथे २५५ अक्षरांची मर्यादा नाही आणि घाईही नाही. मंडळ निवडतानाच हे विचारून घ्या: खेळाबाहेर लिहिता का? हो म्हणणारं मंडळ घ्या, भले ते लहान असेल. आणि नजरेचा ट्रॅकर बोटं चालत असतानाच आणून रोज थोडा वेळ वापरायला लागा. दोन्ही एकत्र वापरत वापरत हात सुटतो, तेव्हा लिहिण्यात खंड पडत नाही.